रोजचे दोन हजार शब्द

शेजारच्या प्लॉटवर कुणाचं तरी घर उभं राहत होतं. सकाळी हातोड्याचे ठोके सुरू झाले की ते दिवसभर थांबायचं नाव घेत नसत. लाकडी घरं बांधण्याची अमेरिकी पद्धत, त्यामुळे खिळ्यांना तोटा नाही. भिंतीच्या अलीकडे एका लहानशा खोलीत छत्तीस वर्षांचा एक उंचापुरा माणूस हिशेबाच्या भल्या मोठ्या वहीवर वाकून बसलेला असे. त्या वहीत तो ओक्लाहोमातून देशोधडीला लागलेल्या एका शेतकरी कुटुंबाची गोष्ट लिहीत होता. शेजारी दुसरी एक वही होती आणि तिच्यात तो हातोडेवाल्यांच्या नावाने कटकट करत होता. साल १९३८, दिवस उन्हाळ्याचे.

माणसाचं नाव जॉन स्टाइनबेक. पहिल्या वहीतून 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' ही कादंबरी बाहेर पडली. १९३९ साली ती प्रसिद्ध झाली, पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला, आणि १९६२ साली स्टाइनबेकला नोबेल मिळालं तेव्हाही लोकांना आधी आठवली ती हीच कादंबरी. दुसरी वही मात्र अंधारात राहिली. कादंबरीला पन्नास वर्षं झाली तेव्हा, म्हणजे १९८९ साली, रॉबर्ट डिमॉट या अभ्यासकाने ती संपादित करून 'वर्किंग डेज' या नावाने छापली. तोवर स्टाइनबेकला जाऊन वीस वर्षं उलटली होती.

हा लेख त्या दुसऱ्या वहीबद्दल आहे. कादंबरी कशी 'स्फुरली' याच्या गोष्टी लेखक व्यासपीठावरून छान सांगतात. मुलाखतकारालाही त्याच हव्या असतात. पण कादंबरी रोज उठून कशी लिहावी लागते, दुपारी दोन वाजता अडलेलं पात्र संध्याकाळपर्यंत पुढच्या गावाला कसं पोचवायचं, त्यात घरी पाहुणे आले तर काय करायचं, हे कोणी लिहून ठेवत नाही. स्टाइनबेकने ठेवलं, तेही त्याच दिवशी, त्याच पेनाने.

आधी जागेबद्दल. कादंबरी लिहिली गेली ते लॉस गॅटोस हे गाव कॅलिफोर्नियात, सॅन होजेच्या नैर्ऋत्येला, सांताक्रूझच्या डोंगरांच्या पायथ्याशी आहे. आता त्या पट्ट्यात मराठी माणसांची वाण नाही. २०२४ साली बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन सॅन होजेलाच भरलं होतं. सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन हायवे १७ने समुद्रावर निघालेली आपली मंडळी ज्या टेकड्यांजवळून जातात, तिथेच ग्रीनवुड लेनवर स्टाइनबेक आणि त्याची बायको कॅरल यांनी १९३६ साली एक बसकं, आटोपशीर घर बांधलं. आराखडा कॅरलचा. तेव्हा हे सारं खोरं फळबागांचं होतं, संगणकाचा मागमूस नव्हता. लिहायच्या खोलीत एक खाट, एक टेबल, बंदुका ठेवायची फळी आणि पुस्तकांचं छोटं कपाट, एवढंच. जिथे लिहायचं तिथेच झोपायला त्याला आवडायचं. घर आजही आहे, खासगी मालकीचं. तो भाग आता मॉन्टे सेरेनो नावाच्या वेगळ्या गावात मोडतो.

'पाच महिन्यांत लिहिलेली महान कादंबरी' अशी तिची ख्याती आहे. तारखा पाहिल्या तर खोटी नाही. मे संपता संपता सुरुवात आणि २६ ऑक्टोबरला शेवट. पण पाच महिने हा हिशेब फसवा आहे, कारण त्याआधीची वजाबाकी त्यात धरलेली नाही.

१९३६च्या ऑक्टोबरात स्टाइनबेकने 'सॅन फ्रान्सिस्को न्यूज' या दैनिकासाठी सात लेखांची मालिका लिहिली. विषय होता कॅलिफोर्नियाच्या शेतमळ्यांवर कापूस आणि फळं तोडायला आलेल्या विस्थापितांच्या छावण्या. दुष्काळ, धुळीची वादळं, कर्ज आणि ट्रॅक्टर यांनी मिळून ओक्लाहोमा आणि आसपासच्या राज्यांतल्या कुळांना जमिनीवरून उठवलं होतं आणि ती माणसं मोडक्या गाड्यांत संसार घालून रूट ६६ने पश्चिमेला निघाली होती. मराठवाड्यातून ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या ज्याने पाहिल्या आहेत त्याला हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही. या लेखांच्या निमित्ताने स्टाइनबेकची गाठ टॉम कॉलिन्सशी पडली. आर्व्हिनजवळच्या वीडपॅच इथल्या सरकारी छावणीचा तो व्यवस्थापक. छावणीत किती कुटुंबं आली, काय खातात, कशावरून भांडतात, कोणती गाणी म्हणतात, बोलतात कसं, हे सगळं तो आपल्या अहवालांत तपशिलाने नोंदवत असे. सरकारी अहवाल इतके वाचनीय असू शकतात यावर आपला विश्वास बसणार नाही, पण ते तसे होते. कॉलिन्सने त्यांची बाडंच स्टाइनबेकच्या हवाली केली.

इतकं हाताशी असूनही कादंबरी जमेना. 'द ओक्लाहोमन्स' या नावाने त्याने एक काम हाती घेतलं आणि सोडून दिलं. १९३८च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विसेलियाच्या बाजूला पूर आला, तंबूंत पाणी शिरलं, माणसं उपाशी मरू लागली. कॉलिन्सबरोबर तोही मदतीला चिखलात उतरला आणि परतला तो संतापून. त्याच तिरीमिरीत त्याने आपल्याच जन्मगावच्या, सॅलिनासच्या, बड्या लेट्यूस-बागायतदारांची खिल्ली उडवणारी एक कादंबरी लिहिली. साठेक हजार शब्द झाले. पुस्तक हातावेगळं झालं आणि त्याने ते नष्ट केलं. एजंटला आणि प्रकाशकाला कळवलं की हे पुस्तक वाईट आहे. माणसांनी एकमेकांना समजून घ्यावं म्हणून लिहायचं, ते सोडून मी ती चिडावीत म्हणून लिहिलं, अशा अर्थाचं त्याने लिहिलं होतं. त्याआधीचा एक नमुनाही ऐकण्यासारखा आहे. 'ऑफ माइस अँड मेन'च्या हस्तलिखिताचा अर्धा भाग त्याच्या टोबी नावाच्या कुत्र्याने फाडून टाकला होता. दोन महिन्यांचं काम गेलं. स्टाइनबेकने कुत्र्याला फारसं मारलं नाही. टोबीने टीकाकार म्हणून आपलं मत दिलं असेल, असं म्हणून तो पुन्हा लिहायला बसला. साठ हजार शब्द फेकण्यापूर्वी ही सवय झालेली बरी.

फेकल्यावर पंधरा दिवसही गेले नाहीत तोच त्याने नवी वही उघडली. पहिल्या पानाच्या माथ्यावर स्वतःलाच दोन सूचना लिहिल्या आहेत. एक, ही नवी सुरुवात आहे. दुसरी, अक्षर मोठं काढ. दुसरी सूचना कॅरलच्या सोयीची, कारण टाइप तिला करायचं होतं. ही सूचना त्याने काही पानं पाळली. पुढे अक्षर बारीक होत होत असं झालं की अख्खी कादंबरी वहीच्या १६५ पानांत मावली. कॅरलने टाइप केली तेव्हा तीच ७५१ पानं भरली.

आता रोजचं काम. सकाळी टेबलाशी आलं की आधी डायरी. तारीख, वार. कितवा दिवस आहे. काल किती झालं. आज अंग बरं आहे की नाही. आज कोण येणार आहे. मग आजच्या दिवसाचं काम: ही माणसं आज रस्त्याला लागली पाहिजेत, आज म्हाताऱ्याचं काहीतरी करायला हवं, आजचं प्रकरण सावकाश गेलं पाहिजे, घाई नको. काही नोंदी चार ओळींच्या, काही पानभर. जात्यावर बसल्याशिवाय ओवी सुचत नाही असं आपण म्हणतो. डायरी हे त्याचं जात्यावर बसणं होतं. हात चालू लागला की तो वही बदलायचा आणि कादंबरीत शिरायचा. रोजचा वायदा दोन हजार शब्दांचा. शनिवार-रविवार शक्यतो सुट्टी. अशा सुमारे शंभर बैठका झाल्या आणि सुमारे दोन लाख शब्द झाले. त्रैराशिक इतकं सरळ आहे की संशय यावा.

डायरी वाचताना कळतं की ते सरळ कधीच नव्हतं. आधी कॅरलचे टॉन्सिल्स निघाले, ती आजारी. चार जुलैची सुट्टी आली, म्हणजे काम नाही. शेजारचे हातोडे आहेतच. 'ऑफ माइस अँड मेन'च्या नाटकाने त्याला नुकतंच नाव आणि पैसा मिळवून दिला होता, त्यामुळे घरी माणसांची रीघ लागली. कोणी मदत मागायला, कोणी नुसतंच बघायला. चार्ली चॅप्लिनही येऊन गेला. त्याला दारातून परत कसं पाठवणार? मग जागरण, दारू, आणि दुसऱ्या दिवशी डायरीत पश्चात्ताप. भरीस भर म्हणजे ऐन उन्हाळ्यात त्याच्या प्रकाशकाचं, कोविची-फ्रीड या कंपनीचं, दिवाळं वाजलं. ज्याच्यासाठी लिहितोय तोच राहिला नाही. कंपनीतला संपादक पास्कल कोविची हा त्याचा जिवलग मित्र. त्याला व्हायकिंग प्रेसमध्ये नोकरी मिळाली आणि स्टाइनबेकही त्याच्या मागोमाग तिकडे गेला. हे निस्तरतंय तोवर नवराबायकोने डोंगरात सत्तेचाळीस एकरांचा एक मळा विकत घ्यायचं काढलं. कारण? शांतता हवी! शांततेसाठी चाललेल्या या खरेदीने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला असावा.

आणि या सगळ्याच्या खाली एक सूर सतत वाजत राहतो: मला हे झेपणार नाही. मी लेखक नाही, आजवर स्वतःला आणि दुसऱ्यांना फसवत आलोय. पुस्तक मोठं आहे, मी लहान आहे. आळशी आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला तर सगळं सोडून द्यावं इथवर गोष्ट आली. एकदा नव्हे, दहा ठिकाणी तो हे निरनिराळ्या शब्दांत लिहितो. त्यात नाटकीपणा नाही, कारण ते कोणाला दाखवायचंच नव्हतं.

मला या डायरीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे. 'मला जमत नाही' असं म्हणून झाल्यावर पुढच्याच ओळीत तो म्हणतो की असो, आता कामाला लागू. आणि लागतो. दोन हजार शब्द होतात. मूळ हस्तलिखित पाहिलेले अभ्यासक सांगतात की ते नवल वाटावं इतकं स्वच्छ आहे, खाडाखोड थोडी. म्हणजे एका वहीत माणूस कोसळतोय आणि दुसऱ्या वहीत अक्षर ओळीत चाललंय. कोणत्या दिवशी तो खचला होता हे कादंबरीच्या पानावरून ओळखता येत नाही. लेखकाला लिहिताना जे वाटतं त्याचा आणि पानाच्या गुणवत्तेचा काहीएक संबंध नसतो, असा माझा या दोन वह्यांवरून झालेला ग्रह आहे. 'आज भट्टी छान जमली' असं वाटलेलं पान सकाळी फाडावं लागतं, हा अनुभव लिहिणाऱ्या कोणालाही विचारा. उलट बाजू कोणी बोलून दाखवत नाही: रडत लिहिलेलं पानही कधीकधी टिकतं.

डायरीचा दुसरा उपयोग मला त्याहून व्यावहारिक वाटतो. कादंबरीची रचना अवघड होती. तीस प्रकरणं, त्यांतली चौदा गोष्टीतल्या शेतकरी कुटुंबाची, म्हणजे जोड मंडळींची, आणि उरलेली सोळा कोणा एकाची नव्हेत: धूळ, रस्ता, जुन्या गाड्या विकणारे दलाल, ट्रॅक्टर, पाऊस. तिसऱ्या प्रकरणात तर फक्त एक कासव हायवे ओलांडतं. गोष्ट थांबवून दर दुसऱ्या प्रकरणात असं बाहेर जायचं आणि परत येताना वाचक सुटू द्यायचा नाही, हे रोजच्या रोज तोलावं लागत होतं. तो हा तोल डायरीत बोलून ठरवतो. आज सामान्य प्रकरण की कुटुंबाचं? वेग फार वाढला का? कॉलिन्सचं पत्र आलं, त्यातली माहिती पुढे छावणीच्या प्रकरणात कामाला येईल. शेवटचं दृश्य त्याला आधीपासून ठाऊक होतं: मूल मृत जन्मलेली पोर पावसात आडोशाला आलेल्या एका उपाशी, अनोळखी माणसाला आपलं दूध पाजते. मुक्काम माहीत होता, रोजची मजल ठरवायची होती. शिवाय शेजारचे हातोडे, प्रकाशकाचं दिवाळं हे सगळं डायरीत ओतून टाकल्यामुळे कादंबरीत शिरलं नाही.

कॅरलबद्दल थांबून लिहायला हवं. सप्टेंबरपासून ती टायपिंगला बसली. तो पुढे लिहितोय, ती मागून टाइप करत येतेय. नुसती टाइप करत नव्हती. त्याची विरामचिन्हं बेतास बात, ती दुरुस्त करायची, खटकलं तिथे सांगायची, पाहुणे थोपवायची, घर चालवायची. पुस्तकाचं नावही तिनेच सुचवलं, अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळातल्या एका प्रसिद्ध समरगीतातून. नाव मिळाल्याचा आनंद डायरीत आहे. ते गीत पुस्तकाच्या आवरणाआतल्या पानांवर सबंध छापावं असा स्टाइनबेकने आग्रह धरला आणि ते छापलं गेलं. आपल्याला कम्युनिस्ट ठरवणार हे त्याने ओळखलं होतं आणि हे अस्सल देशी गाणं पुढे करण्यात त्याची हुशारी होती. अर्पणपत्रिकेत दोनच माणसं आहेत, कॅरल आणि टॉम कॉलिन्स. पहिलीने हे पुस्तक इच्छेच्या जोरावर घडवलं आणि दुसरा ते जगला, असा तिचा आशय. अर्पणपत्रिका उदार आहे. पण १९४३मध्ये घटस्फोट झाला, आणि वाचकांना लेखकाचं नाव लक्षात राहिलं, टाइप करणारीचं नाही.

२६ ऑक्टोबरला कादंबरी संपली आणि स्टाइनबेकने अंथरूण धरलं. पायाची नस इतकी दुखू लागली की काही काळ चालणंही मुश्कील झालं. जानेवारीत व्हायकिंगकडून सूचना आल्या. कोविचीचं म्हणणं, शेवट फार अचानक होतो. तो उपाशी माणूस आधी कुठेतरी ओळखीचा करून दे. स्टाइनबेकने साफ नकार दिला. तो अनोळखी असणं हाच मुद्दा आहे, शेवट बदलणार नाही. एजंट एलिझाबेथ ओटिस मात्र थेट कॅलिफोर्नियाला येऊन बसली आणि काही रांगडे शब्द तिने सौम्य करून घेतले. शब्दांवर तडजोड केली, दृश्यावर नाही. माझ्या मते त्याचा निवाडा दोन्हीकडे बरोबर होता. १४ एप्रिल १९३९ला पुस्तक आलं, वर्षभरात चार लाखांवर प्रती खपल्या, आणि कॅलिफोर्नियाच्या ज्या कर्न परगण्यात वीडपॅचची छावणी होती, तिथल्याच सार्वजनिक ग्रंथालयांतून त्यावर बंदी आली.

इथवरची गोष्ट विजयाची आहे. तिची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

त्याच १९३८ साली, त्याच टॉम कॉलिन्सच्या हाताखाली, त्याच छावण्यांत सनोरा बॅब नावाची एक तरुणी काम करत होती. ओक्लाहोमात जन्मलेली, वय एकतीस. दुष्काळ तिने पुस्तकातून किंवा अहवालातून नव्हे, घरात पाहिला होता. दिवसभर तंबूंतून फिरायचं, लोकांना सरकारी मदतीची माहिती द्यायची, आणि जे पाहिलं-ऐकलं त्याची टिपणं काढून ठेवायची. त्यातून तीही कादंबरी लिहीत होती. रँडम हाउसच्या बेनेट सर्फला तिची प्रकरणं पसंत पडली. तेवढ्यात 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' आली आणि खपाचा धडाका सुरू झाला. एकाच विषयावरची दुसरी कादंबरी बाजारात चालणार नाही, असं म्हणून सर्फने बॅबचं पुस्तक बाजूला ठेवलं. 'हूज नेम्स आर अननोन' ही तिची कादंबरी अखेर २००४ साली ओक्लाहोमा विद्यापीठाने छापली. तेव्हा ती सत्त्याण्णव वर्षांची होती. पुढच्याच वर्षी ती गेली.

दोन्ही पुस्तकं एकापाठोपाठ वाचावीत. स्टाइनबेकची झेप मोठी आहे, हे मान्य. पण बायकांचं जगणं, चुलीपाशी बसून पीठ किती दिवस पुरेल याचा हिशेब मांडणं, हे बॅबला जास्त नेमकं दिसलं आहे. रोजची झुंज तिनेही दिली होती. तिच्यापाशी मागून टाइप करत येणारी कॅरल नव्हती आणि प्रकाशनाच्या शर्यतीत ती काही महिन्यांनी मागे पडली.

आपल्याकडे याला अगदी जवळचं उदाहरण आहे. विभावरी शिरूरकर, म्हणजे मालतीबाई बेडेकर. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या सोलापूरला 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत सरकारी नोकरीत होत्या. तारेच्या कुंपणात कोंडलेल्या माणसांचं जगणं त्यांनी तिथे रोज पाहिलं. त्यातून उतरलेली 'बळी' ही कादंबरी प्रसिद्ध झाली १९५० साली. छावणीतली अधिकारी आणि कादंबरीकार इथे एकच व्यक्ती आहे. कॉलिन्स आणि स्टाइनबेक एकाच पदराखाली. पाहिलेलं आणि छापलेलं यांच्यात दहा-बारा वर्षं गेली. त्या वर्षांत ते साहित्य मनात कसं मुरत होतं, किती वेळा लिहायला घेतलं आणि ठेवून दिलं, कोणत्या दिवशी वाटलं की हे आपल्याला झेपणार नाही, हे वाचायला मिळालं असतं तर मी चार समीक्षाग्रंथ त्यावरून ओवाळून टाकले असते.

मराठी कादंबरी कशी लिहिली गेली याबद्दल आपल्याकडे आख्यायिका भरपूर. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३मध्ये पाच दिवसांत लिहून काढली. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ची. ती काही आठवड्यांत झाली असं सांगतात. त्याच नेमाड्यांच्या 'हिंदू'ची मात्र वाचकांनी दशकानुदशकं वाट पाहिली, ती आली २०१० साली. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो!' स्वतःच्याच 'करमणूक' साप्ताहिकात १८९०पासून हप्त्याहप्त्याने छापली. दर आठवड्याला मजकूर द्यायचाच, मग घरात काहीही होवो. तिथे लेखकही तेच, संपादकही तेच, त्यामुळे सबबी सांगायला कोणी उरलं नव्हतं! पाच दिवस काय किंवा तीस वर्षं काय, आकडे ऐकून आपण थक्क होतो आणि तिथेच थांबतो. त्या दिवसांच्या आत काय चाललं होतं ते हाती लागत नाही. जी. ए. कुलकर्ण्यांच्या पत्रांचे खंड आहेत, त्यांत लिहिण्याची तगमग जागोजाग आहे, म्हणून ते पुन्हापुन्हा उघडावेसे वाटतात. पण पत्र हे दुसऱ्यासाठी असतं, त्यात थोडं सावरून बसणं येतंच.

हा फरक स्टाइनबेकमध्येच बघायला मिळतो. १९५१ साली 'ईस्ट ऑफ ईडन' लिहिताना त्याने पुन्हा तसाच प्रयोग केला. वही कोविचीने दिलेली. उजव्या पानावर कादंबरी, डाव्या पानावर रोज सकाळी कोविचीला पत्र. जानेवारीच्या अखेरीपासून एक नोव्हेंबरपर्यंत हे चाललं, न्यूयॉर्कच्या घरात आणि उन्हाळ्यात नँटुकेट बेटावर. ही पत्रं 'जर्नल ऑफ अ नॉव्हेल' या नावाने १९६९ साली निघाली. ती वाचायला जास्त मजेची आहेत. पेन्सिलींबद्दल तर पानंच्या पानं. षटकोनी पेन्सिलीच्या कडा दिवसभर लिहून बोटात रुततात, म्हणून गोल हव्यात. एखादी पेन्सिल आज चालते, उद्या चालत नाही. लिहून लिहून बोटाला पडलेला घट्टा. कोविचीला भेट देण्यासाठी तो फावल्या वेळात लाकडाची पेटी कोरत होता, आणि पुरं झालेलं हस्तलिखित त्या पेटीतूनच त्याने दिलं. माणूस मोकळा झालाय, सुखात आहे, समोर प्रेमाने वाचणारा मित्र आहे. पण समोर कोणी आहे म्हणूनच तो थोडा सुतार, थोडा तत्त्वज्ञ अशा पवित्र्यात बसतो. १९३८च्या डायरीत असा पवित्रा नाही. मला विचाराल तर कादंबऱ्यांच्या बाबतीतही क्रम तोच लागतो: 'ईस्ट ऑफ ईडन' ऐसपैस आहे, 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' अटळ आहे.

१९३८ची वहीही त्याने पुढे कोविचीच्याच स्वाधीन केली. आपल्या हयातीत छापू नये, पण माझ्या मुलांना कधी बापाविषयीच्या दंतकथेमागे डोकावून बघावंसं वाटलं तर त्यांना ती मिळावी, अशी इच्छा सांगून. वही राहिली ती एवढ्यामुळे. कोणीतरी ती जपण्याजोगी मानली आणि कपाटात ठेवली.

आपल्याकडे काय होतं? लेखक गेला की महिना-दोन महिन्यांत खोली मोकळी करायची वेळ येते. जागेची अडचण सगळ्यांनाच असते, त्यात दोष कोणाचा नाही. पुस्तकं एखाद्या वाचनालयाला जातात, पुरस्कारांच्या ट्रॉफ्या माळ्यावर, आणि वह्या रद्दीत. छापील पुस्तक आहेच की, मग ही खरडवही कशाला, असं घरच्यांना वाटतं. ज्या वहीत एका पानावर दुधाचा हिशेब, दुसऱ्यावर अर्धवट प्रकरण आणि समासात 'आज काही जमलं नाही' असं लिहिलेलं असतं, ती वही तर आधी जाते. नेमकी तीच ठेवायला हवी. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, विद्यापीठांचे मराठी विभाग आहेत. देण्यापूर्वी एक फोन करून विचारायला काय हरकत आहे?

आणि जे आज लिहीत आहेत त्यांचं तर आणखी अवघड आहे. संगणकावर कालचा मसुदा आजच्या मसुद्याखाली गाडला जातो, रद्दीवाल्यापर्यंतही पोचत नाही. दिवाळी अंकासाठी कादंबरी पाठवायची म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये रात्री जागणारे पुष्कळ लेखक हा लेखही वाचत असतील. त्यांना एवढंच सांगायचं आहे: रोजचं काम संपलं की फाइल त्या दिवसाच्या तारखेनिशी वेगळी साठवा, आणि शेजारी एक साधी वही ठेवून आज किती झालं, कशाने अडलं, कोण येऊन गेलं हे चार ओळींत लिहा. घरच्यांना ती वही कुठे आहे हेही सांगून ठेवा.